जुन्या घराचा श्वास

भर वैशाखात गोव्यातील एखाद्या जुन्या घरात शिरले की अंगास गारवा लागतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंती ऊन सावकाश शोषून घेतात व आतली बाजू तापेपर्यंत दिवस कलतो, असे त्याचे कारण पुष्कळजण सांगतात. ते खरे, पण अपुरे आहे.

तितकेच काम छपराचे असते. आढ्याशी जमलेली तप्त हवा नळीच्या कौलांच्या फटींतून निघून जाते आणि तिची जागा घेण्यास खालून नवी हवा येते. हिंदू घराचे राजांगण असो वा ख्रिस्ती घराचा बाल्कांव, वाऱ्याची वाट दोन्हींत राखलेली दिसते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. तेथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौले पुढे किनाऱ्यावर सर्वदूर गेली. छपराचे वजन घटले, शाकारणीचा त्रास कमी झाला. फटी बारीक झाल्या, तरी बुजल्या नाहीत.

खिडक्यांस काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने असत. काच तेव्हा महाग, आणि समुद्र तर दाराशी! या तावदानांतून उजेड दुधासारखा मऊ येतो. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही.

१९६१ नंतर सिमेंटच्या स्लॅबची घरे वाढली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो, हे त्याखाली निजणाऱ्यास सांगावयास नको.

आमचे वडिलोपार्जित घर कौलारूच राहिले. पण काही वर्षांपूर्वी दुरुस्तीत आम्ही शिंपले काढून काच बसविली, कौलांखाली छत ठोकले, आणि ओल येते म्हणून चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट चढविले. जांभा सच्छिद्र दगड. १०० इंचांहून अधिक पावसात भिजलेली भिंत चुन्यातून हळूहळू वाळते. सिमेंटने तिची ती वाट अडविली. पुढल्याच पावसाळ्यात भिंतीस बुरशी धरली आणि उन्हाळ्यात पंखा रात्रंदिवस फिरू लागला. विजेचे बिल हाती घेऊन वडील गप्प बसले. गवंड्याचा दोष नव्हता. काम आम्हीच सांगितले होते.

छत आता काढले आहे. मागल्या भिंतीचे सिमेंट फोडून पुन्हा चुना लावीत आहोत. चुना घाईने वाळत नाही, त्यामुळे पावसापूर्वी निम्मीच भिंत होईल.