संसारी माणसांनी घडवलेली मॅरेथॉन

मॅरेथॉन हा सवड असलेल्यांचा खेळ, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पोरांचे डबे, शाळेची बस, ऑफिस आणि घरातली आजारपणं सांभाळून बेचाळीस किलोमीटरचा सराव करणारी आई किंवा बाप त्यामुळेच आपल्याला नवलाचा वाटतो. इतिहास नेमकं उलटं सांगतो. आज पुण्या-मुंबईत हजारो नोकरदार पळतात त्या मॅरेथॉनची सरावाची रीत घडवण्यात आणि तिचं दार सर्वांना उघडून देण्यात लेकुरवाळ्या, कामाच्या रगाड्यात अडकलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे.

सरावाचं आधी बघू. ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात कामाला होता, वर दूधही टाकायचा. घरी बायको-मुलं होती. प्रशिक्षक, प्रयोगशाळा असं काही हाताशी नसल्यामुळे त्याने प्रयोग स्वतःच्याच पायांवर केले. त्यातून निघालेलं सूत्र असं, की आधी कित्येक आठवडे झेपेल अशा वेगाने अंतर वाढवत न्यायचं आणि वेगाचा विचार नंतर करायचा. १९५३ आणि १९५५ साली तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल आणि मरे हॉलबर्ग यांनी सुवर्णपदकं जिंकली, तर बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्यपदक. हे शिष्य आठवड्याला शंभर मैल धावत. हे प्रापंचिकाला कसं जमायचं, अशी शंका कुणी काढील, आणि ती रास्त आहे. पण लिडियार्ड तिथे थांबला नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ऑकलंडमध्ये सुटलेल्या पोटांच्या, मध्यमवयीन माणसांना हीच पद्धत मवाळ करून शिकवली. अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ साली तिथे गेले, थक्क झाले आणि ती जॉगिंगची कल्पना मायदेशी घेऊन आले. नवख्यांच्या आजच्या बहुतेक वेळापत्रकांत रविवारी जी लांब, संथ धाव असते, तिच्यामागे हा दूध टाकणारा बाप आहे.

दार उघडण्याची लढाई जास्त कडवी होती. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब आणि १९६७ साली कॅथरीन स्विट्झर स्त्रियांना मज्जाव करणारे नियम झुगारून धावल्या, हे अनेकांना ठाऊक असतं. त्यांच्या मागोमाग आलेल्या आया मात्र विस्मरणात गेल्या, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. तीन मुलांची आई सारा मे बर्मन १९६९ ते १९७१ अशी सलग तीन वर्षं तिथे स्त्रियांत पहिली आली. त्या विजयांना आयोजकांची मान्यता मिळायला १९९६ साल उजाडलं. १९७२ साली बॉस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला, तेव्हा जिंकली ती नीना कुसिक, तीही तीन मुलांची आई. त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनसाठी फर्मान निघालं, की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी वेगळं सुटायचं. इशाऱ्याची पिस्तूल वाजली आणि कुसिकसह सहाजणींनी हातात फलक घेऊन सुरुवातीच्या रेषेवरच बैठक मारली. दहा मिनिटं त्या तशाच बसून राहिल्या, पुरुषांसाठी पिस्तूल वाजल्यावर उठल्या आणि पळाल्या. त्या दिवशीही स्त्रियांत कुसिकच पहिली आली.

या सगळ्या असामान्य बायका, त्यांच्यावरून सामान्यांबद्दल काय ठरवायचं, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. मुलगी दोन वर्षांचीही झालेली नसताना, एक्केचाळिसाव्या वर्षी १९७६ची न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी मिकी गोर्मन, किंवा ऑगस्ट १९८३ मध्ये बाळंत होऊन पुढच्या जानेवारीत ह्यूस्टनला पहिली येणारी नॉर्वेची इंग्रिड क्रिस्टियानसेन, यांच्याशी कुणी बरोबरी करू नये. पण १९७० साली न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅरेथॉनला जेमतेम १२७ जण उभे राहिले आणि ५५ जणांनी ती पुरी केली. तिथे पुढे हजारोंची गर्दी झाली, ती या बायकांनी मोडलेल्या नियमांनंतरची. त्यांचा वेग दुर्मीळ होता, पण त्यांनी मिळवलेला हक्क सगळ्यांच्या कामी आला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लांब धावेच्या त्या दोन-तीन तासांत घर कोण बघतं? बर्मनचा नवरा तिचा प्रशिक्षक होता, सोबत पळणारा होता. अशी साथ नसेल, तर एकाचा सराव दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा बाईच्याच अंगावर पडतो. म्हणून पहिल्या मॅरेथॉनची नावनोंदणी करण्याआधी घरच्यांबरोबर बसा, रविवार सकाळची कामं वाटून घ्या, आणि पुढच्या वर्षी पळण्याची पाळी कुणाची हेही त्याच बैठकीत ठरवा.