जुन्या फोर-बाय-फोरमध्ये मुक्कामाची सोय करताय? बिछान्याआधी सायलेन्सर बघा, सीट मात्र काढू नका

शेतीला वीज येते ती काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला माणूस मळ्यात मुक्कामाला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती आहेच, शिवाय विंचू-काट्याची. त्यामुळे बांधावर गोधडी टाकून पडण्याऐवजी दारात उभी असलेली जुनी जीप शेतात नेऊन तिच्यातच पाठ टेकायची, असा विचार बरेच जण करतात. कुणाला मुलाबाळांना घेऊन कोकणात, भंडारदऱ्याला जायचं असतं आणि लॉजचं भाडं परवडत नाही. कुणी पालखीच्या मागे दिंडीला सेवा द्यायला गाडी घेऊन जातं. गरज खरी आहे, आणि काम गावातला सुतार आणि वेल्डर मिळून करू शकतात. पण जुन्या गाडीत झोपणं हे घरात झोपण्यासारखं नाही. एका चुकीत माणूस सकाळी उठत नाही.

कोणती गाडी चालेल?

आपल्याकडे जुन्या फोर-बाय-फोर म्हणजे प्रामुख्याने महिंद्राच्या कमांडर, एमएम 540, बोलेरोचं फोर-व्हील मॉडेल, 1985 ला आलेली मारुती जिप्सी आणि 1994 ची टाटा सुमो, तिच्यातही फोर-बाय-फोर निघायची. यात झोपायला सर्वात सोयीच्या लांब बॉडीच्या, पत्र्याच्या छताच्या गाड्या. म्हणजे बोलेरो किंवा सुमो. मागे समोरासमोर आडव्या सीट असतील तर त्या बाजूला दुमडल्या जातात आणि मधली जागा मोकळी होते. जिप्सी दणकट आहे, चढाला ऐकत नाही, पण उंच माणसाला तिच्यात पाय पसरायला जागा कमी पडते. तिरकं झोपावं लागतं. हुडाच्या जीपमध्ये ताडपत्री हेच छप्पर, त्यामुळे बिबट्याच्या भागात तिचा आधार धरू नये. आणि हो, बोलेरो कॅम्परच्या नावात कॅम्पर असलं तरी मागे मालाचा हौदाच आहे. ती साधारणपणे मालवाहू म्हणून नोंदलेली असते आणि हौद्यात माणसं बसवून रस्त्यावर नेता येत नाही.

आधी गाडी, मग पलंग

लोक उलटं करतात. आधी फोम आणतात, लायटिंग करतात आणि गाडी मात्र ढकलून चालू होत असते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत सर्वात आधी सायलेन्सरची पूर्ण लाइन बघायची. इंजिन थंड असताना चालू करा, एकाने मागे नळीच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर दाबून धरावं आणि दुसऱ्याने गाडीखाली कान द्यावा. जिथे फुसफुस ऐकू येते तिथे गळती. मॅनिफोल्डचं गॅस्केट, जोड आणि सडलेली नळी या तीन जागा सहसा निघतात. मग तळाचा पत्रा बघायचा. रबरी बूच निघालेली भोकं, गंजून पडलेले खड्डे, गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, मागच्या दाराचं कडक झालेलं रबर या सगळ्यातून धूर आत येतो. मागचं दार किंवा मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली तरी धूर आत ओढला जातो, हे बऱ्याच ड्रायव्हरना माहीत नसतं.

हे सगळं कार्बन मोनॉक्साइडसाठी. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली होती. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा धूर आत साचला होता. ती तर झोपण्यासाठीच बनवलेली गाडी होती.

म्हणून इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून झोपायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, कारण डोळा कधी लागतो ते कळत नाही. थंडीत शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, गॅस आत घ्यायचा नाही. काच थोडी उघडी आहे म्हणून शेगडी चालते, ही समजूत घातक आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो डोक्याजवळ टांगावा. पण अलार्म आहे म्हणून शेगडी आत न्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

फोर-व्हीलचा लिव्हरही महिन्यातून एकदा टाकून बघावा, नाहीतर तो जाम होतो. जिप्सी आणि जुन्या महिंद्रामध्ये पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात. नुसता लिव्हर ओढून पुढची चाकं फिरत नाहीत, आणि चिखलात रुतल्यावर हे आठवतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हील टाकू नये, गिअरबॉक्सवर ताण येतो.

सीट काढली तर काय होतं?

इथेच बरेच जण फसतात. गॅरेजवाला म्हणतो, मागच्या सीट काढून टाकू, मस्त जागा होते. पण आरसी बुकात आसनसंख्या लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. छत कापून उंच करणं, बॉडी वाढवणं, सीट कायमच्या काढणं हे सगळं यात येतं. मोटर कॅराव्हॅन हा नोंदणीचा वेगळा प्रकार आहे, त्याचे वेगळे निकष आहेत. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं तेही अशा नोंदणीच्या गाड्यांसाठी. गावच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून जीपची कॅराव्हॅन होत नाही.

मार्ग सोपा आहे. सीट जागेवर ठेवायच्या, दुमडायच्या आणि वर काढता-घालता येणारी फळी ठेवायची. दहा मिनिटांत काढून खाली ठेवता येते ते सामान, वेल्डिंग करून बसवलं तो बदल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फॉर्म 25 भरून गाडी आरटीओला दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीला गाडी मूळ रूपातच जायला हवी. नोंदणी संपलेल्या गाडीचा विमा असून नसल्यासारखा, दाव्याच्या वेळी कंपनी हेच बोट ठेवते.

काचेला काळी फिल्म लावून आडोसा करायचा विचार असेल तर तोही सोडावा. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा. गाडी उभी केल्यावर जुन्या चादरीचे पडदे दोरीवर लावा, निघताना काढा.

फळी कशी बसवायची?

टेप घेऊन आधी तीन मापं घ्या. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी, दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी आणि तळापासून छतापर्यंतची उंची. साडेपाच फुटी माणसाला 175 सेंटिमीटर लांबी लागते. दोघांना 110 सेंटिमीटर रुंदीत दाटीवाटीने झोपता येतं. उंचीचा हिशेब लोक विसरतात. बिछान्यावर उठून बसायचं तर डोक्याला साधारण 90 सेंटिमीटर हवेत. छत 120 वर असेल आणि गादी 10 ची, तर फळी 20 च्या वर जाऊ शकत नाही. पण दुमडलेली सीटच त्याहून उंच भरली, तर बसण्याची हौस सोडून फक्त झोपायची सोय करावी. फळीखालच्या जागेत मग भांडी, जॅक, दोर राहतो.

प्लाय 12 मिलिमीटरचा घ्यावा, शक्यतो आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे मरीन. साधा प्लाय पावसाळ्यात गाडीतल्या दमटपणाने फुगतो. आठ बाय चारची एक शीट साधारण 25 किलोची असते आणि तिच्यातच दोघांचं काम निघून तुकडा उरतो. शीटचे तीन भाग करून मध्ये बिजागरी लावली की दिवसा घडी घालून मागे उभी करता येते. खाली आधाराला 25 बाय 25 चा बॉक्स पाइप पुरतो, तो मीटरला जेमतेम दीड किलो भरतो. अँगल वापरू नका, विनाकारण वजन वाढतं. कोपरे घासून गोल करा, कडेला जुन्या ट्यूबची पट्टी मारा.

फळी नुसती ठेवायचीही नाही. ब्रेक दाबला की ती चालकाच्या मानेवर येते. सीटबेल्टचे हुक किंवा सामान बांधायच्या कड्या असतील तिथे रॅचेटच्या पट्ट्याने घट्ट आवळा. गाडी चालताना फळीवर कुणी झोपायचं नाही. लहान मुलं तर अजिबात नाहीत, कितीही हट्ट केला तरी.

गादीला 4 इंच फोम, वर सुती कव्हर. रेक्झिन घामाने चिकटतं. खरं तर दोन गोधड्या आणि एक सतरंजी यावर बहुतेकांचं भागतं.

पंखा, दिवा, मोबाईल

पंखा 12 व्होल्टचा, 12 वॉटचा घेतला तर तासाला एक अँपिअर लागतो, आठ तासांचे आठ. छोटा एलईडी आणि दोन मोबाईलचं चार्जिंग धरून रात्रीचे साधारण 12-13 अँपिअर-अवर. चांगली 70 अँपिअर-अवरची बॅटरी हे सहज देते. पण जुनी बॅटरी निम्मीच उरलेली असते आणि डिझेलच्या स्टार्टरला जोर लागतो. एक रात्र निघते, दुसऱ्या सकाळी गाडी उठत नाही, आणि मळ्यात धक्का मारायला माणूस नसतो. मुक्काम नेहमीचा असेल तर वेगळी छोटी बॅटरी ठेवावी, मुख्य बॅटरीला न जोडता. घरी चार्ज केलेली 20 अँपिअर-अवरची लिथियम चालते. 50 वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 12 ते 15 अँपिअर-अवर भरून देतं. मल्टिमीटर असेल तर शिसाची बॅटरी स्थिर असताना 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी. त्याखाली पंखा बंद.

वायर बॅटरीतून निघाली की वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबर घाला, नाहीतर पत्रा वायर कापतो आणि गाडी पेटते. जुन्या गाड्या पेटतात त्या बऱ्याचदा अशाच.

हवेसाठी समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा, बाहेरून मच्छरदाणीची जाळी. काचा पूर्ण बंद ठेवल्या तर श्वासाच्या वाफेनेच सकाळी बिछाना ओला होतो.

उभी कुठे करायची?

ओढ्याच्या, नदीच्या पात्रात नाही. वर पाऊस पडला किंवा धरणातून विसर्ग सुटला तर जाग येईपर्यंत पाणी चाकाला लागलेलं असतं. समुद्राच्या पुळणीवरही नाही, भरतीला फोर-व्हीलही बाहेर काढत नाही. अभयारण्यात परवान्याशिवाय मुक्काम हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. उन्हाळ्यात गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो. अनोळखी गावात पोलिस पाटलाला किंवा मंदिराच्या पुजाऱ्याला सांगून थांबलं तर कुणी रात्री काच वाजवत नाही. उतारावर हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही. डोकं चढाकडे.

स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून पाच किलोची टाकीसुद्धा झोपताना गाडीबाहेर ठेवावी.

शेवटचं काम घरच्या अंगणातच करून बघायचं. रात्री आत झोपा, दारं लावा आणि अंधारात चाचपडत बाहेर या. मागचं दार आतून उघडतं का, मधल्या दारांचं चाइल्ड लॉक लागलेलं आहे का, फळी आडवी असताना चालकाच्या सीटपर्यंत पोचता येतं का, हे तेव्हाच कळतं. किल्ली दोघांनाही माहीत असलेल्या एकाच जागी टांगलेली हवी.