साठवण-व्यवस्थेची संरचना-फाईल आणि ती वाचणारी आज्ञा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, संगणकीय भाषा व कंपन्या यांच्या तुलनेने माहिती-साठवणीच्या व्यवस्थेकडे कमी लक्ष दिले गेले आहे. डिस्कवर माहिती असणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणती डिस्क कोणत्या क्रमाने जोडली आहे, तिचे विभाग कोठे सुरू होतात, मजकुराचे तुकडे किती आकाराचे आहेत, हे सांगणारी नोंद म्हणजे कॉन्फिगरेशन फाईल होय. प्रस्तुत लेखात तिला ‘संरचना-फाईल’ असे म्हटले आहे. दफ्तरखान्यातील रुमाल सुरक्षित असूनही त्यांची यादी हरवली तर संशोधकाची जी अवस्था होते, तीच ही नोंद हरवल्यास संगणक-व्यवस्थापकाची होते. किंबहुना त्याची अडचण अधिक मोठी असते. कारण येथे एकाच कागदाचे तुकडे अनेक रुमालांत विभागलेले असतात.

उद्दिष्टे :
१. संरचनेची नोंद कोठे ठेवली जात होती व ते स्थान का बदलले, याचा शोध घेणे.
२. ही नोंद वाचणाऱ्या कमांड-लाइन साधनांचे महत्त्व तपासणे.

अभ्यासपद्धती :
ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संगणक-प्रणालींसोबत दिल्या जाणाऱ्या मॅन्युअलमधील नोंदी व प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

विवेचन :

अ) प्रोग्राममधून फाईलमध्ये, फाईलमधून डिस्कवर
बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या युनिक्सच्या बीएसडी आवृत्त्यांमध्ये हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. कोणती डिस्क कोणत्या डिरेक्टरीला जोडायची हे सांगणारी ‘एफएसटॅब’ ही फाईल १९८० च्या ४.० बीएसडीमध्ये आली. डिस्कच्या विभागांच्या सीमा मात्र डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आतच लिहिलेल्या असत. त्या बदलायच्या तर प्रोग्राम पुन्हा तयार करावा लागे. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये डिस्कच्या प्रकारांचे वर्णन करणारी ‘डिस्कटॅब’ ही मजकूर-फाईल आली. १९८८ च्या ४.३ बीएसडी-टाहो आवृत्तीत विभागांची नोंद, म्हणजे ‘लेबल’, थेट डिस्कवरच लिहिण्याची सोय झाली. त्याच वेळी ते लेबल वाचून साध्या मजकुरात दाखवणारी ‘डिस्कलेबल’ ही आज्ञाही देण्यात आली. नोंद आणि वाचक यांचा जन्म एकत्र झाला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आ) अनेक डिस्क, एक संच
१९८८ मध्येच डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ या संकल्पनेचा निबंध प्रसिद्ध केला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र करून त्यांवर मजकुराचे तुकडे व त्यांची पडताळणी-नोंद पसरवायची, म्हणजे एक डिस्क निकामी झाली तरी मजकूर पुन्हा मिळवता येतो, असे त्याचे सूत्र होते. मात्र या सोयीमुळे संरचनेच्या नोंदीवरील अवलंबन वाढले.

लिनक्समधील आरंभीची साधने ‘रेडटॅब’ ही फाईल वाचून डिस्कचा संच उभा करीत. परंतु ती फाईल ज्या डिस्कवर आहे ती आधी सुरू झाल्याखेरीज संच सुरू होत नसे. किल्ली कुलूपबंद पेटीतच ठेवावी, तसा हा प्रकार होता. यावर उपाय म्हणून संचाची नोंद प्रत्येक घटक-डिस्कवर लिहिली जाऊ लागली. नील ब्राऊन यांनी २००१ मध्ये विकसित केलेले ‘एमडीॲडम’ हे साधन एकेका सुट्या डिस्कवरील ती नोंद तपासून दाखवते. त्याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. नवा संच तयार करताना गृहीत धरला जाणारा तुकड्याचा आकार पूर्वी ६४ किलोबाइट होता. पुढे तो ५१२ किलोबाइट झाला. जुन्या संचाची नोंद न वाचता केवळ नव्या गृहीतकावर तो पुन्हा उभारल्यास सर्व डिस्क शाबूत असूनही मजकुराचा मेळ बसत नाही.

इ) वाचनाचा अधिकार कोणाचा?
मोठ्या संस्थांच्या साठवण-यंत्रांची वाट वेगळी होती. ईएमसी कंपनीने १९९० मध्ये आणलेल्या सिमेट्रिक्स यंत्राची संरचना ‘बिन फाईल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाईलमध्ये असे, आणि तिच्यातील बदल दीर्घकाळ प्रामुख्याने कंपनीचे अभियंतेच करीत. पुढे कमांड-लाइन साधनांद्वारे ग्राहकांनाही संरचना पाहण्याची व बदलण्याची मुभा मिळाली. तरी माहिती ग्राहकाची आणि तिचा नकाशा विक्रेत्याच्या हाती, हा विषम संबंध येथे उघड होतो.

सन मायक्रोसिस्टम्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या ‘झेडएफएस’ प्रणालीची संरचना-फाईलही साध्या मजकुरात नसते. शिवाय प्रत्येक डिस्कवर लेबलाच्या चार प्रती असतात, दोन आरंभी व दोन शेवटी. त्या वाचण्यासाठी ‘झेडडीबी’ हे कमांड-लाइन साधन आहे. डिस्क-संच वापरात नसतानाही ते त्याची संरचना दाखवू शकते. दोन्ही ठिकाणी फाईल डोळ्यांनी वाचता येत नाही. परंतु झेडएफएसचा वाचक त्याच्या मूळ प्रोग्रामसह सर्वांना उपलब्ध झाला. नोंद यंत्रभाषेत असणे आणि ती बंदिस्त असणे यांत फरक केला पाहिजे, तो यामुळेच.

निष्कर्ष :
१. संरचनेची नोंद प्रोग्राममधून मजकूर-फाईलमध्ये व तेथून प्रत्यक्ष डिस्कवर गेली. ज्या मजकुराचे वर्णन ती करते, त्याच्यासोबतच ती राहावी, ही त्यामागील प्रमुख गरज होती.
२. नोंद डिस्कवर गेल्याने ती अधिक सुरक्षित झाली, पण साध्या डोळ्यांनी वाचता येईनाशी झाली. त्यामुळे वाचणारी आज्ञा हा नोंदीचाच अविभाज्य भाग ठरला.
३. संरचनेची खरी गरज व्यवस्था बंद पडल्यावर भासते. म्हणून बंद व्यवस्थेचीही नोंद वाचू शकणारे आणि ज्याचा मूळ प्रोग्राम उपलब्ध आहे असे साधनच दीर्घकालीन जतनाच्या दृष्टीने विश्वसनीय होय.
४. महाविद्यालये व ग्रंथालये आपली कागदपत्रे डिजिटल स्वरूपात जतन करीत असताना प्रतींची संख्या मोजणे पुरेसे नाही. साठवण-व्यवस्थेची संरचना मजकूर स्वरूपात उतरवून, शक्यतो कागदावर, स्वतंत्रपणे ठेवणे आणि ती वाचणारे साधन जपणे हाही जतनकार्याचा भाग मानला पाहिजे.