गतिनियमांचे उपयोजन : सावंतवाडीचा लोहमार्ग आणि आंबोली घाट

गतिनियमांचे उपयोजन म्हणजे एखाद्या वस्तूवर कोणकोणती बले लागू आहेत ते ओळखून, त्यांची दिशेसह बेरीज करून तिचे त्वरण काढणे. किंवा हवे ते त्वरण आधी ठरवून त्यासाठी लागणारे बल काढणे. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. पहिला जडत्वाचा : बाहेरून निव्वळ बल लागले नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. दुसरा संवेगातील बदलाचा; वस्तुमान कायम असेल तेव्हा तो ‘निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण’ असा लिहितात. तिसरा क्रिया-प्रतिक्रियेचा : दोन वस्तू एकमेकींवर समान आणि विरुद्ध दिशेची बले लावतात. एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदाला सेकंदागणिक एक मीटर इतके त्वरण देणारे बल म्हणजे एक न्यूटन.

हे नियम महाराष्ट्रात नववीच्या विज्ञानात शिकवले जातात आणि सूत्र बहुतेकांच्या लक्षातही राहते. अडचण येते ती सूत्राच्या आधीच्या पायरीवर. विचार कोणत्या वस्तूचा करायचा आणि तिच्यावर, फक्त तिच्यावर, कोणती बले आहेत, हे पक्के ठरवले नाही तर पुढचे सगळे गणित वाया जाते. ही पायरी शिकायला सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीइतकी सोयीची ठिकाणे थोडी आहेत. गावाजवळून कोकण रेल्वे जाते आणि दुसरीकडे दाणोलीनंतर आंबोलीचा घाट लागतो. एकाच सह्याद्रीच्या उताराला दिलेली ही दोन वेगवेगळी उत्तरे आहेत.

चढ आणि ओढ. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते या राजापूरच्या खासदारांनी त्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधकाम झाले. आखणी करताना दोन आकडे आधी ठरवले गेले : चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नको. नव्वदहून अधिक बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल हे सगळे या दोन आकड्यांचे परिणाम आहेत.

पहिल्या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने उलगडतो. इंजिन १२३ टनांचे (वॅप-७ जातीचे विजेचे इंजिन एवढे असते) आणि बावीस डबे प्रवाशांसह मिळून १,०७७ टनांचे, म्हणजे एकूण गाडी १,२०० टनांची धरू. तिच्यावरचे गुरुत्वबल सुमारे ११,७६० किलोन्यूटन. सपाट रुळावर हे बल सरळ खाली असते, रूळ तेवढेच वर रेटतात आणि पुढे जाण्याशी त्याचा संबंध उरत नाही. रूळ कलला की या बलाचा एक अंश मागे ओढू लागतो. १५० ला १ चढावर हा अंश ११,७६० चा दीडशेवा भाग, म्हणजे ७८ किलोन्यूटन होतो. चाकांचा आणि बेअरिंगांचा विरोध कमी वेगाला टनामागे २० न्यूटन धरला तर आणखी २४. दोन्ही मिळून १०२. इंजिन सुरुवातीला ३०० किलोन्यूटन सहज लावू शकते, तेव्हा १९८ किलोन्यूटन शिल्लक राहतात आणि त्वरण ०.१६५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते.

हीच गाडी बोरघाटात नेली तर? कर्जत-लोणावळ्याच्या त्या घाटात चढ ३७ ला १ आहे. मागे ओढणारा अंश ३१८ किलोन्यूटन होतो आणि एकट्या इंजिनाचे ३०० किलोन्यूटन त्याला पुरत नाहीत. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात. एकोणिसाव्या शतकात बोगदे खणणे महाग आणि जिवावरचे होते, तेव्हा बांधकामाचा खर्च टाळून तो रोजच्या इंजिनांवर टाकला गेला. कोकण रेल्वेने उलट केले : डोंगर एकदाच फोडला आणि पुढच्या प्रत्येक गाडीला एकच इंजिन पुरू दिले. या लेखकाच्या मते दुसरा हिशेब जास्त शहाणपणाचा ठरला आहे.

आंबोलीच्या रस्त्याला सौम्य चढाची ही सवलत नाही. वेंगुर्ले बंदर ते बेळगाव या जुन्या व्यापारी वाटेवरचा हा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला वळणे घेत पोचतो. उताराचा एखादा टप्पा २० ला १ आहे असे धरू. १६ टनांचा भरलेला ट्रक तेथे न्यूट्रलमध्ये सोडला तर गुरुत्वाचा अंश ७.८ किलोन्यूटन, टायरांचा विरोध सुमारे १.३, त्वरण ०.४१. ताशी २० किलोमीटरने निघालेला हा ट्रक मिनिटभरात ताशी १०० च्या पुढे जाईल. रिकामा ट्रकही इतक्याच त्वरणाने सुटेल, कारण गुरुत्वबल आणि विरोध दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात असल्याने वस्तुमान समीकरणातून निघून जाते. थांबवताना मात्र ते निघून जात नाही. भरलेल्या ट्रकला आवरायला बल त्याच प्रमाणात जास्त लागते आणि सगळे ब्रेकवर टाकले तर ड्रम तापून त्यांची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावे हा जुन्या चालकांचा नियम याच कारणाने खरा आहे : इंजिनाचा विरोध मागे धरतो आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणे हा जिवाशी खेळ आहे, आणि तो खेळणाऱ्याला थांबवायला हवे.

गाडी सुटते तेव्हा. सावंतवाडी रोड स्थानक गावापासून काही किलोमीटरवर मळगावला आहे. कोणत्याही स्थानकासारखा येथलाही मार्ग जवळजवळ सपाट आहे. आपल्या १,२०० टनांच्या गाडीवर ३०० पुढे, २४ मागे. उरलेल्या २७६ किलोन्यूटनने त्वरण ०.२३. आता वस्तू बदलू आणि फक्त इंजिनाचा विचार करू. १२३ टनांच्या इंजिनाला ०.२३ त्वरण द्यायला २८ किलोन्यूटन पुरतात, त्याचा स्वतःचा विरोध अडीच. म्हणजे ३०० मधले सुमारे २६९ किलोन्यूटन कपलिंगमधून डबे मागे खेचत आहेत. शेवटच्या डब्याच्या कपलिंगवर मात्र सव्वाबाराच किलोन्यूटन येतात, कारण त्याच्यामागे ओढायला काही नाही. त्वरण सगळ्या गाडीचे एकच, ताण प्रत्येक जोडावर निराळा.

तिसऱ्या नियमाबद्दलची नेहमीची शंका येथेच सुटते. इंजिन डब्यांना जेवढे ओढते तेवढेच डबे इंजिनाला मागे ओढतात, मग गाडी हलते कशी? ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. इंजिनाला पुढे नेणारे बल रुळाकडून येते : चाक रुळाला मागे रेटते, रूळ चाकाला पुढे रेटतो. कपलिंगचे मागचे बल या पुढच्या बलापेक्षा कमी आहे, एवढ्यानेच इंजिन पुढे जाते.

चतुर्थीला चाकरमानी निघाले की डब्यांत पाय ठेवायला जागा नसते. नेहमीपेक्षा नऊशे माणसे जास्त चढली तर वस्तुमान सुमारे ६० टनांनी वाढते आणि त्वरण ०.२३ वरून ०.२२ वर येते. इंजिनाला गर्दी फारशी जाणवत नाही. ती सोसतात ती माणसेच.

०.२३ हा आकडा प्रवाशाला स्वतः मोजता येतो. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात. त्यातला एखादा भोवरा मीटरभर दोरीला बांधून डब्यात टांगावा. गाडी सुटताना दोरी मागे झुकते. भोवऱ्यावर दोनच बले आहेत, गुरुत्व आणि दोरीचा ताण. भोवऱ्याला गाडीचे त्वरण द्यायचे तर ताणाला पुढे कलावेच लागते. कलाचे प्रमाण त्वरण भागिले ९.८, म्हणजे खालच्या टोकाला सुमारे २.३ सेंटीमीटर. वेग स्थिर झाला की दोरी सरळ होते, मग तो वेग ताशी ४० असो की १००. ती झुकते ती त्वरणामुळे, वेगामुळे नव्हे. पहिला नियम याहून स्पष्ट क्वचितच दिसतो.

वेग वाढला की ३०० किलोन्यूटनची ओढ टिकत नाही. इंजिनाची शक्ती सुमारे ४,७०० किलोवॉट असल्याने ताशी ५६ किलोमीटरनंतर ओढ वेगाच्या व्यस्त प्रमाणात उतरते आणि ताशी ११० ला १५४ किलोन्यूटन उरते. १५० ला १ चढावर त्यातले ७८ चढ घेतो आणि उरलेल्यातला मोठा वाटा हवेचा विरोध घेतो.

वळण. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचे त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, दिशा केंद्राकडे. १,२५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ११० ने हे ०.७५ येते, मार्गाच्या आखणीत धरलेल्या ताशी १६० ला १.५८. ताशी ११० ला साठ किलोच्या प्रवाशाला वळणावर ठेवायला ४५ न्यूटन पुरतात आणि ते आसन, जमीन किंवा शेजारचा माणूस पुरवतो. आपण बाहेर फेकले जात आहोत असे त्याला वाटते, पण बाहेर ढकलणारे काहीच नसते. शरीर सरळ जाऊ पाहते आणि डबा आत वळतो. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवला की रुळांचे रेटणेच आत कलते आणि चाकांच्या कडांवरचा भार कमी होतो. ब्रॉडगेजवर ताशी ११० ला पूर्ण तोल साधायला सुमारे १३ सेंटीमीटर उंची लागते. हळू मालगाड्याही त्याच रुळावरून जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी देतात.

पाऊस. आतापर्यंतच्या गणितात एक गोष्ट गृहीत होती : चाक रुळावर घसरत नाही. ही पकड घर्षणाने मिळते आणि तिची मर्यादा इंजिनाच्या वजनाने ठरते. कोरड्या रुळावर ३०० किलोन्यूटन मिळतात. ओल्या, पाने चिकटलेल्या रुळावर घर्षणांक ०.१५ पर्यंत उतरला तर १२३ टनांच्या इंजिनाला १८१ किलोन्यूटनच मिळतील, शक्ती कितीही असली तरी. सिग्नलसाठी चढावर थांबलेल्या गाडीचे त्वरण मग ०.१६५ ऐवजी ०.०६६ होते, ताशी ५६ चा वेग दीड मिनिटाऐवजी चार मिनिटांनी येतो. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाक घसरू लागले की लोको पायलट रुळावर वाळू सोडतो.

थांबण्याचा हिशेब याहून महत्त्वाचा. ब्रेकने वेग सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने उतरतो असे धरले तर ताशी ११० वरून थांबायला ९३४ मीटर लागतात, ७५ वरून ४३४, ४० वरून १२३. अंतर वेगाच्या वर्गाने बदलते. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकामागे हेच आहे. बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे ते लागू असे. दरडींच्या भागांत वेग उतरवतात आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० पर्यंत आणतात. गाडीला उशीर झाला म्हणून चिडणाऱ्या प्रवाशाने ९३४ आणि १२३ हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

२२ जून २००३ च्या रात्री सिंधुदुर्गातच वैभववाडीजवळ डोंगर फोडून काढलेल्या खिंडीत दरडीचे दगड रुळावर आले आणि कारवारहून मुंबईकडे निघालेली विशेष गाडी त्यांवर आदळून घसरली. सुमारे पन्नास माणसे गेली. चालत्या गाडीचा संवेग प्रचंड असतो; तो ब्रेकने मिनिटभरात उतरवला तर बल सोसवते, दगडाने क्षणात उतरवला तर लोखंड दुमडते. डब्यातल्या माणसांना थांबवायलाही त्या क्षणी काही नसते. ती आधीच्याच वेगाने पुढे जातात. त्या अपघातानंतर खिंडींचे उतार सौम्य करणे, जाळ्या ठोकणे, भिंती बांधणे यांवर मोठे काम झाले.

पावसाळ्यात रुळांवर रात्रंदिवस गस्त असते. दरड दिसली तर गस्तीवाल्याने अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके रुळाला लावायचे, असा भारतीय रेल्वेचा ब्रॉडगेजसाठीचा नियम आहे. सावंतवाडीकडचा मार्ग एकेरी असल्याने हे दोन्ही दिशांना करावे लागते. चाकाखाली फटाका वाजला की लोको पायलटला ब्रेक लावायला १,२०० मीटर मिळतात : ९३४ थांबण्याचे आणि उरलेले, सावध होऊन ब्रेक पूर्ण लागेपर्यंतच्या आठ-नऊ सेकंदांचे.