कसम परेडआधीचे महिने

बंगळूरच्या या पोस्टिंगमध्ये माझ्या युनिटमधला एक सोबती कॅथलिक व्हायला निघाला आहे. त्याची बायको आधीपासून कॅथलिक. लग्नाला आठ वर्षं झाली, आता निर्णय त्याने स्वतःच घेतला. गेले काही महिने दर रविवारी तो चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातो. ड्यूटीमुळे दोन रविवार बुडाले, तेव्हा वैतागून म्हणाला, "अरे, डोक्यावर पाणीच तर घालायचंय. त्याला वर्षभर कशाला लागतं?"

मी ख्रिस्ती नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि सुटीच्या दिवशी वाचायला बसलो.

तिसऱ्या शतकाच्या आसपासचा 'प्रेषितीय परंपरा' नावाचा एक जुना ग्रंथ आहे. त्यात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकवण ऐकायला सांगितलं आहे. माणूस मनापासून करत असेल तर दिवस मोजू नका, वागणूक बघा, असंही त्यात आहे. शिपायांसाठी तर नियम फारच कडक. आधीच फौजेत असलेल्याने कुणाला मारायचं नाही, शपथ घ्यायची नाही. शिकवणी चालू असताना कुणी फौजेत जायचं म्हटलं, तर त्याला काढून टाकायचं. गंमत अशी, की बाप्तिस्म्यासारख्या विधींना चर्चने जो 'साक्रामेंतुम' हा लॅटिन शब्द घेतला, तो रोमन शिपायाच्या शपथेचा.

पुढे चर्चला राजाश्रय मिळाला, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला आणि मोठ्यांची ही लांबलचक तयारी मागे पडली.

तयारी कच्ची राहिली तर काय होतं, याचा हिशेब आपल्या जवळच सापडतो. आबे द्युबुआ हा फ्रेंच पाद्री 1792 साली भारतात आला आणि 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूर मुलखात काम करू लागला. टिपूने 1784 साली मंगळूर भागातले हजारो ख्रिस्ती धरून श्रीरंगपट्टणला नेले होते आणि त्यांच्यावर धर्म बदलायची सक्ती केली होती. द्युबुआने 1823 साली छापलेल्या पत्रांत लिहिलं, की इतक्या हजारांत आपल्या श्रद्धेसाठी मरायला एकही जण उभा राहिला नाही. तलवार समोर असताना बायकापोरं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. तो निवाडा करणं द्युबुआला सोपं होतं.

पण त्याच पत्रांत त्याने स्वतःलाही सोडलं नाही. इतक्या वर्षांत आपण आणि एका देशी पाद्र्याने मिळून दोन-तीनशेच माणसं ख्रिस्ती केली, त्यातलेही बरेच लग्नासाठी किंवा कुठल्या ना कुठल्या गरजेपोटी आले, हे त्याने उघड लिहिलं. आकडा फुगवून वर पाठवायचा मोह काय असतो, हे ज्याने कधी रिपोर्ट लिहिला त्याला ठाऊक आहे.

रोमने 1962 साली मोठ्यांच्या बाप्तिस्म्याचे टप्पे पुन्हा आणले आणि 1972 साली त्याचा पूर्ण विधी जाहीर केला. आधी चौकशी, मग रीतसर स्वीकार, मग शिकवणी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात अखेरची तयारी आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. सोबत धर्मपिता किंवा धर्ममाता असते. मधेच थांबायची मोकळीक असते, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे रंगरूट आधी कित्येक महिने घाम गाळतो आणि मग कसम परेडला तिरंग्यासमोर, धर्मगुरूंच्या साक्षीने शपथ घेतो. शपथेचे शब्द मिनिटभराचे. पण पहिल्याच दिवशी त्या पोराकडून ते वदवून घेतले असते, तर त्यांना काय वजन राहिलं असतं?

हे सगळं मी सोबत्याला सांगितलं. शिपायांचा नियम ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हा मला दारातूनच परत पाठवलं असतं."

"आता नाही पाठवत."

"हो. पण फादरना विचारायला पाहिजे, तेव्हा का आणि आता का नाही."

पुढचा रविवार बुडू नये म्हणून त्याने माझ्याशी ड्यूटी बदलून घेतली आहे.