भेंडीच्या पानातला इतिहास

खुलताबादला लोक जातात ते कबरी बघायला, नाहीतर भद्रा मारुतीला. मलिक अंबर (१६२६), औरंगजेब (१७०७), पहिला निजाम (१७४८)... दख्खनच्या इतिहासातली इतकी वजनदार मंडळी एवढ्याशा गावात जवळजवळ पहुडलेली आहेत, की 'खुलताबादचा इतिहास' म्हटल्यावर दुसरं काही सुचतच नाही. ह्या विकांताचा लेखही इतिहासावरच आहे. फक्त त्यातलं मुख्य पात्र पंख पसरून जेमतेम सव्वा इंच भरतं, आणि त्याचं बालपण भेंडीच्या पानाच्या सुरळीत जातं.

माझ्या मामांची खुलताबादजवळ थोडी शेती आहे. कपाशी, मका, आणि विहिरीजवळ अर्धा एकर भेंडी. ऑगस्टच्या शेवटी गेलो तर भेंडीची पानं विड्यासारखी गुंडाळलेली. मामा वैतागलेले. "दोनदा फवारलं रे. दुकानदारानं दिलं ते मारलं. पानाच्या आत बसलंय ते बेणं, त्याला लागतच नाही." तिसऱ्या फवारणीची बाटली ओसरीवर तयार होती.

भेंडीचं एक वेगळंच गणित असतं. ती एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. आणि औषध मारलं की तोडणीआधी काही दिवस थांबायचं असतं. ह्या दोन गोष्टी एका वेळी पाळता येत नाहीत. म्हणजे ती तिसरी बाटली शेवटी कुणाच्या ताटात जाणार, हे सांगायला नको. 'ही अळी नक्की कोण?' ह्या प्रश्नात मी त्यामुळेच पडलो. नुसती हौस म्हणून पडलो नाही (थोडी हौस होतीच, असो).

"पाने गुंडाळणारी अळी" असं सगळेच म्हणतात. पण हे नाव म्हणजे आपल्या कोडमधल्या 'टेम्प' नावाच्या व्हेरिएबलसारखं आहे. भातावर पाने गुंडाळणारी अळी आहे, तुरीवर आहे, कपाशीवर आहे, आणि तिन्ही वेगवेगळ्या. तुरीवरची तर वेगळ्या कुळातली. पान गुंडाळणं हा धंदा झाला, त्यावरून घराणं ठरत नाही.

मी तीन सुरळ्या काचेच्या बरण्यांत घालून, तोंडाला मलमलचा तुकडा बांधून पुण्याला आणल्या. अळी ओळखण्याचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, की तिला खायला घालायचं आणि पतंग बाहेर पडेपर्यंत वाट बघायची. (पतंग म्हणजे कागदाचा नव्हे. फुलपाखराचा भाऊबंद, बहुतेक रात्री उडणारा.)

वाट बघताना कळलं की ओळखायला सुरुवात अळीपासूनच करता येते. ही फिकट हिरवी, चकचकीत, जवळजवळ आरपार दिसणारी असते, आणि डोकं गडद. भेंडीच्या शेंड्यात आणि फळात शिरणारी ठिपक्यांची अळी वेगळी, ती पान गुंडाळत नाही. उंट अळी पाठीची कमान करून चालते आणि पान उघड्यावरच खाते. सुरळी आणि सुरळीत काळ्या विष्ठेचे दाणे, ही खूण हिचीच. पतंग निघाला की शंका उरत नाही. पिवळसर पांढरे पंख, त्यावर तपकिरी नागमोडी रेघांची नक्षी, आणि डोक्याजवळ, पाठीवर काळे ठिपके. बसताना पंख मिटत नाही, सपाट पसरून बसतो. कुणीतरी पेन्सिलीने नकाशा काढून सोडून दिल्यासारखा.

शास्त्रीय नाव हॅरिटालोडीस डेरोगाटा. जुन्या शेतीच्या पुस्तकांत सायलेप्टा डेरोगाटा. आणि खरा इतिहास इथून सुरू होतो.

'डेरोगाटा' हे नाव दिलं योहान ख्रिश्चन फॅब्रिशियसने, १७७५ साली. त्या वर्षी इकडे राघोबादादा इंग्रजांशी सुरतेचा तह करत होते, आणि निजामाने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवून जेमतेम बारा वर्षं झाली होती. फॅब्रिशियस हा डॅनिश माणूस, लिनियसचा शिष्य. गुरूने सगळ्या सजीवांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत घालून दिली, शिष्याने कीटक उरकायला घेतले. आयुष्यभरात जवळपास दहा हजार कीटकांना त्याने नावं दिली. कीटकांची वर्गवारी पंखांपेक्षा तोंडाच्या अवयवांवरून करावी हा त्याचा आग्रह. भारतातला माल त्याच्यापर्यंत पोचायची एक वाटही होती. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला डॅनिश वसाहत होती, आणि तिथे १७६८ साली आलेला डॉक्टर योहान क्योनिग हाही लिनियसचाच विद्यार्थी. वनस्पती आणि किडे जमवून युरोपात पाठवणं हा त्याचा ध्यास.

फॅब्रिशियसचं वर्णन म्हणजे लॅटिनमधल्या चार-दोन ओळी. चित्र नाही. तेव्हा पुढच्या माणसाने तोच पतंग हातात घेतला आणि त्याला त्या ओळींवरून तो ओळखू आला नाही, तर नवल नाही. १८५४ साली फ्रान्सच्या गेनेने त्याला नवं नाव दिलं, 'मल्टिलिनिअलिस', म्हणजे अनेक रेघांचा. नाव खरं तर जास्त चांगलं! मग ब्रिटिश म्युझियमच्या फ्रान्सिस वॉकरने भर घातली. हे गृहस्थ एकच जात पुन्हा पुन्हा नवी म्हणून नोंदवण्याबद्दल इतके प्रसिद्ध होते, की १८७४ साली ते वारले तेव्हा मृत्युलेखातसुद्धा त्यांना सोडलं नाही. डेटाबेसमध्ये युनिक की न ठेवता नोंदी घालत गेल्यावर जे होतं तेच इथे झालं. प्राणिशास्त्राने मात्र त्यावर नियम काढला, की जे नाव आधी छापलं ते खरं, बाकीची पर्यायी म्हणून जोडून ठेवायची. म्हणून 'डेरोगाटा' जिंकलं. 'हॅरिटालोडीस' हे पहिलं नाव, म्हणजे आडनावच म्हणा, १८९० साली वॉरनने काढलं, आणि ते सर्रास वापरात यायला आणखी शंभरेक वर्षं गेली.

ह्या सगळ्यात अळीचा पत्ता नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? टाचणीवर पतंग होता, पण तो काय खातो, कुठे राहतो, कुणाचं नुकसान करतो, हे लंडन-पॅरिसमध्ये बसून कुणाला कळणार? भारतातल्या पतंगांचं पहिलं मोठं काम जॉर्ज हॅम्पसनने केलं, चार खंड, १८९२ ते १८९६. हा आधी निलगिरीत चहाचा मळेवाला होता, म्हणजे निदान इथल्या पावसात भिजलेला. पण त्याचं कामही ओळखण्यापुरतंच.

शेतातली अळी आणि टाचणीवरचा पतंग ह्यांची गाठ पडायला कापूसच लागला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरचा कापूस आटला, आणि वऱ्हाड-खानदेशाकडे साहेबाचं लक्ष गेलं. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, म्हणून लांब धाग्याची अमेरिकन कपाशी इथे रुजवायचे प्रयत्न त्याआधीपासूनच चालू होते. देशी कपाशीचं पान खोल कापलेलं, बोटाबोटांचं. अमेरिकनचं पान रुंद. गुंडाळायला कुठलं सोपं ते तुम्हीच बघा. अळी इथलीच होती. अंबाडीवर, मुद्रेसारख्या रानटी झुडपांवर ती गुजराण करत होती. तिच्या दारात आपण रुंद पानांची पाहुणी आणून लावली.

१९०३ मध्ये हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय भारत सरकारचा कीटकतज्ज्ञ म्हणून आला. बिहारमध्ये पुसाला शेती संशोधन संस्था उभी राहिली, तिला फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाची देणगी होती. लेफ्रॉयचं भारतीय किडींवरचं पुस्तक १९०६ चं. किडी बरण्यांत वाढवून पाहायच्या, दिवस मोजायचे, चित्रकारांकडून रंगीत चित्रं काढून घ्यायची, ही शिस्त त्या पिढीची. लेफ्रॉय पुढे इंग्लंडला परतला आणि १९२५ साली स्वतःच्याच प्रयोगशाळेत विषारी वायूने मेला. किडे मारायचं औषध शोधत होता.

त्या शिस्तीतून जे कळलं ते थोडक्यात असं. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं घालते, एकूण दोन-तीनशे. दोन ते सहा दिवसांत अळी बाहेर. लहानपणी सगळ्या पानाच्या खालीच चरतात, मोठ्या झाल्यावर प्रत्येकीची वेगळी सुरळी. पान दुमडायची ताकद अळीत नसते. ती पानाच्या दोन कडांमध्ये रेशमाचे धागे ताणते, धागा जरासा आकसतो, कडा केसभर जवळ येतात, की ती पुढचा आखूड धागा घालते. असे कित्येक धागे मिळून पान वळतं. पंधरा ते पस्तीस दिवस अळी, मग त्याच सुरळीत नाहीतर खाली पालापाचोळ्यात कोष, आणि सहा ते बारा दिवसांनी पतंग. हवा थंड असेल तसे दिवस वाढतात.

फवारा वरून पडतो आणि अळी आत असते. मामांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं.

२००२ साली बीटी कपाशी आली. बोंडअळीसाठी घातलेलं त्यातलं प्रथिन हिलाही बाधतं, त्यामुळे कपाशीवर हिचा जोर ओसरला. भेंडीला तसं कवच नाही. म्हणून मामांच्या रानात शेजारी कपाशी स्वच्छ आणि भेंडी गुंडाळलेली, असं चित्र होतं.

पहिला पतंग निघाला तेव्हा मामांना फोन केला. मी म्हणालो, "मामा, ती बाटली ठेवून द्या. सुरळ्या हातानं तोडून साबणाच्या पाण्यात टाका. पिकाखाली पडलेला पालाही उचला, कोष त्यात असतात."

"अर्धा एकर हातानं?"

"एक दिवसाआड भेंडी तोडायला बायका येतातच ना? सोबत दुसरी पाटी द्या."

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मजुरी तू देणार का?" पण पाटी दिली. तिसरी फवारणी झाली नाही. पुढच्या पंधरा दिवसांत नव्या सुरळ्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या.

माझ्या बरण्यांचं म्हणाल तर दोनांतून पतंग निघाले. तिसरीत कोष झाला होता, पण बाहेर आली ती एक पिवळीधमक गांधीलमाशी, अंगावर काळे ठिपके. आईने मामांच्याच रानात कोषात अंडं घातलं होतं, पिल्लू आतून कोष खाऊन वाढलं. हेही मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग दोन फवाऱ्यांत तिच्या किती बहिणी गेल्या असतील?"