राष्ट्रीय प्राणी उद्यान, दिल्ली

दिल्लीत पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर यांच्या मधल्या जमिनीवर वसलेले प्राणिसंग्रहालय. आवारात मोगलकालीन कोसमिनार उभा आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांच्या हस्ते ते खुले झाले. आजचे नाव १९८२ सालचे. मुंबईची राणीची बाग (१८६२) आणि कोलकात्याचे अलिपूर (१८७६) या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बागा. फुलझाडांतून हिंडता हिंडता गजांआडचा वाघ पाहायचा, अशी तेव्हाची करमणूक. स्वतंत्र भारताच्या राजधानीने ती रीत मोडली, असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे: गज गेले, पण बाग पाहणाऱ्याच्याच सोयीने आखली गेली.

आराखड्यासाठी हॅम्बुर्गच्या कार्ल हाइनरिश हागेनबेक यांना बोलावले होते. त्यांचे आजोबा कार्ल हागेनबेक जनावरांचे व्यापारी. दूरदेशीच्या माणसांचेही खेळ त्यांनी युरोपात तिकीट लावून मांडले. गजांऐवजी खंदकाच्या मांडणीचे पेटंट त्यांनी १८९६ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरियाच्याच कारकिर्दीत, घेतले. खंदकामुळे जनावराला मोकळी जमीन मिळाली, ती केवळ देखाव्याची युक्ती म्हणणे अन्यायाचे, हा आक्षेप रास्त आहे. कोंदट पिंजऱ्यापेक्षा ती व्यवस्था निःसंशय दयाळू. मात्र त्या मोकळ्या जागेत गर्दी खेचली ती पांढऱ्या वाघांनी. रीवा संस्थानातल्या मोहन या वाघाचा त्याच्याच राधा या मुलीशी संकर करून १९५८ मध्ये पांढरे बछडे मिळवले. त्यांतली राजा-राणी ही जोडी दिल्लीत आली. दुर्मीळ रंगासाठी बाप-लेकीचा संकर हे वाघाचे हित नव्हे, प्रेक्षकाचे. २०१४ मध्ये एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडून मृत्युमुखी पडला. त्यावरून पुन्हा गज लावा म्हणणे चूक ठरेल. खंदक वाघाची झेप मोजून खोदलेला असतो, कठडा मात्र माणूस ओळखून बांधावा लागतो.

या बागेचे खरे यश कोणी विकत आणलेले नाही. १९६० पासून रानटी चित्रबलाक पावसाळा सरता सरता इथल्या तळ्यांवर येतात, बेटांवरच्या झाडांत दाटीने घरटी करतात. भर उन्हात पंख अर्धवट पसरून पिलांवर सावली धरतात, गिळून आणलेली मासळी त्यांच्यापुढे ओततात. तळी बागेचीच, तेव्हा हेही आयोजनच, असे कुणी म्हणेल. पण इथे पाहणाऱ्यासाठी काहीच मांडलेले नाही, आणि पिले उडती झाली की सारी वसाहत उन्हाळ्याआधी निघून जाते.